देवमासा बघायला निघालो, त्याची गोष्ट

"आई, जिवंत देवमासा कुठे बघायला मिळतो गं?"

आमच्या लेकीने हा प्रश्न मला प्रथम विचारला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि आम्ही दोघी जुहूच्या वाळूत नाकाला रुमाल लावून उभ्या होतो. जानेवारी २०१६ ची अखेर होती. आदल्या रात्री जुहूच्या किनाऱ्यावर सुमारे पस्तीस फूट लांबीचा देवमासा मरून लागल्याची बातमी अंधेरीभर पसरली होती. शाळेत मुलींनी सांगितलेलं, त्यामुळे लेक दप्तर टाकून दारातच उभी. शेवटी रिक्षा केली आणि गेलो. पोलिसांनी गर्दी मागे रेटलेली, वास असह्य, आणि तरी जो तो त्या प्रचंड धुडाकडे पाठ करून फोटो काढत होता. आम्हाला दिसलं ते एवढंच : काळपट, ठिकठिकाणी सोललेलं कातडं आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसणारा एक उंचवटा.

त्या गर्दीत तिने मला हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "जाऊ हं कधीतरी." आपण आया मुलांना जी हजार आश्वासनं देतो, त्यातलंच हे एक.

पण मुलं विसरत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू जिवंत वाहून आलं. तुम्हीही टीव्हीवर बघितलं असेल. गावातली माणसं, वनखात्याची माणसं त्याच्या अंगावर पाणी ओतत होती, ओल्या फडक्यांनी त्याला झाकत होती. भरतीच्या पाण्यात त्याला ओढून आत नेण्यासाठी सगळ्यांनी जिवाचं रान केलं. पण पिल्लू वाचलं नाही. फराळाचं ताट समोर तसंच ठेवून आमची लेक रडत होती. चौदा वर्षांची घोडी, पण अगदी हुंदके देऊन. म्हणाली, "मी दोन देवमासे बघितले. दोन्ही मेलेले. आता मला जिवंत बघायचाय."

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हटलं, "अगं, मासे बघायला एवढा खर्च? बाजारात काय कमी आहेत?"

"मासा नाहीये तो, बाबा," लेक म्हणाली. "तो आईचं दूध पितो."

ह्यावर ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. ती कपाटातल्या डब्यातून काढून मी टेबलावर ठेवली, आणि फेब्रुवारीत मालवणला जायचं ठरलं.

आपल्या समुद्रात देवमासे आहेत का?

निघण्यापूर्वी लेकीने बरीच माहिती गोळा केली. तिच्या वहीतलं थोडं इथे सांगते, कारण मलाही त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

देवमासा नावाचाच मासा. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. त्यामुळे श्वास घ्यायला त्याला पाण्याबाहेर यावंच लागतं. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची आणि डॉल्फिनची आडवी असते आणि खाली-वर हलते. निळा देवमासा हा पृथ्वीवर आजवर झालेला सर्वांत मोठा प्राणी, शंभर फुटांपर्यंत वाढणारा. त्याची मादी दहा-बारा महिने पोट वागवते आणि एकच पिल्लू देते. जन्मतःच ते वीस-बावीस फुटांचं असतं आणि दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास दूध पितं! आपल्याकडे पाहुणे आले की दोन लिटर दूध जास्त घेताना आपण विचार करतो. ती बिचारी माउली काय करत असेल!

आपल्या अरबी समुद्रात देवमासे आहेत. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापुढे, कुणकेश्वरच्या बाजूला, अभ्यासकांना निळा देवमासा पिल्लासकट दिसला होता. जुहूला लागलेला देवमासा ब्रूडस जातीचा होता. ही जात उष्ण समुद्रातच राहते, थंड प्रदेशात स्थलांतर करत नाही. ओमानच्या बाजूचे कुबडवाले देवमासेही बारा महिने अरबी समुद्रातच असतात, पण ते आता अगदी मोजके उरले आहेत. गेल्या शतकात तेलासाठी आणि मांसासाठी देवमाशांची बेसुमार कत्तल झाली. १९७९ साली हिंदी महासागर त्यांच्यासाठी अभयक्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि १९८६ पासून जगभर व्यापारी शिकारीवर बंदी आली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कोकणात देवमासा हमखास दाखवणारं गाव नाही. तो खोल पाण्यातला राहणारा, दिसला तर नशीब. हौसेने आणि थोड्याफार खात्रीने बघायचा तर श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा नावाचं गाव आहे. तिथे खोल पाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ येतं, आणि डिसेंबर ते एप्रिल ह्या काळात निळे देवमासे दिसतात. आमच्या भिशीत श्रीलंका बसत नव्हती. पण देवमाशाचा धाकटा भाऊ, डॉल्फिन, मालवण-देवबागच्या समुद्रात किनाऱ्याजवळच राहतो. तो तरी बघू, असं ठरलं.

सासूबाईंचा आग्रह

सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. "तुम्ही राहता का वन्संकडे?" असं मी विचारताच फणकारल्या, "मगे? माझ्या दर्यार तुम्ही जातलास आणि मी डोंबिवलीक बसतलंय?"

त्या लहान असताना कोकणात रेल्वे नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत बसायचं आणि बंदरं घेत घेत मालवण, वेंगुर्ल्याला उतरायचं. पावसाळ्यात तीही बंद. बोटीच्या नाळेपुढे उड्या मारणारे मासे आपण लहानपणी बघितल्याचं त्या नेहमी सांगत. आम्हाला वाटे, म्हातारपणीच्या गप्पा.

दादरहून तुतारी एक्स्प्रेस धरली आणि सकाळी कुडाळला उतरलो. तिथून मालवण तासाभराचं. पुढे तारकर्ली, आणि अगदी टोकाला देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. एका घरी न्याहारी-निवासाची सोय होती. घरच्या वहिनी सगळं स्वतः बघत. गेल्या गेल्या घावणे आणि नारळाचा रस पुढे आला. सासूबाईंनी वहिनींशी अशा काही गप्पा सुरू केल्या, की जणू चाळीस वर्षांची ओळख!

पहिली सकाळ

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला थोडी लाज वाटते. पण सांगितलं पाहिजे.

पहिल्या दिवशी ह्यांनी किनाऱ्यावरच एका बोटवाल्याशी ठरवलं. "डॉल्फिन ग्यारंटीने दाखवणार" असं तो म्हणाला. सातला निघालो. निवतीच्या खडकांच्या दिशेने गेलो आणि अर्ध्या तासात कोणीतरी ओरडलं, "तो बघा!" पाण्यातून एक करडी पाठ वर आली, तिच्यावर उंचवटा, उंचवट्यावर छोटासा पर, आणि फुस्स असा आवाज करून ती पुन्हा आत गेली. मी आनंदाने किंचाळलेच.

पण त्याच क्षणी चारी दिशांनी बोटी धावल्या. पाच की सहा. इंजिनांचा नुसता धडधडाट आणि धुराचा वास. जिथे पाठ दिसे तिथे सगळ्या बोटी वळत. तो प्राणी दुसरीकडे निघे, की पुन्हा सगळ्या तिकडे. माझ्या मोबाइलमध्ये नीट फोटो येत नव्हता, म्हणून मी, होय, मीच, बोटवाल्याला म्हटलं, "अहो, अजून जरा जवळ घ्या ना!"

त्याने घेतली. अगदी हातावर आली ती पाठ. आणि मग दिसलं, की तिच्या कुशीला आणखी एक लहानशी पाठ आहे. आई आणि पिल्लू! ती वर येत, पुरता श्वास घेतात न घेतात तोच बोट अंगावर येई, आणि त्यांना पुन्हा बुडी मारावी लागे. तीन वेळा असं झालं.

लेकीने माझा दंड धरला. "आई, ती आपल्याला घाबरतायत. त्यांना श्वास घेऊ दे ना."

मी काही बोलू शकले नाही. ह्यांनीच बोटवाल्याला म्हटलं, "पुरे झालं, मागे वळवा." बोटवाला चकित झाला. पैसे वसूल होण्याआधीच परत जाणारी गिऱ्हाइकं त्याने बघितली नसावीत. त्याला तरी नावं कशी ठेवू? "जवळ घ्या" म्हणणारे आपणच, आणि जो जवळ घेत नाही त्याच्या बोटीत न बसणारेही आपणच.

तांडेलकाकांची होडी

दुपारी जेवणं झाली, पण घरात कुणी धड बोलेना. सोलकढीची वाटी पुढे सरकवत वहिनींनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी सगळं सांगून टाकलं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या मामांजींबरोबर जावा उद्या. फक्त ते घाई करूचे नाय, आणि दिसतलाच असा सांगूचे पण नाय."

मामांजी म्हणजे सत्तरीचे तांडेलकाका. उन्हाने रापलेला चेहरा, बोलणं मोजकं. सकाळी साडेसहाला त्यांनी आम्हा सगळ्यांना आधी जीवरक्षक जाकिटं चढवली, सासूबाईंना हाताला धरून मधल्या फळीवर बसवलं आणि निघाले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं.

"आता गप बसा. येतले ते, वायच दम धरा. तेंच्या पाठी लागलास तर ते जातले निघान."

पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. होडी डुलत होती आणि माझ्या पोटात कालवायला लागलं. सासूबाईंनी कनवटीची आलेपाकाची वडी काढून माझ्या हातात ठेवली आणि कानात म्हणाल्या, "लाटांकडे बघू नको. दूर, आभाळ टेकतं तिकडे बघ." बघत राहिले. खरंच बरं वाटलं.

आणि मग ती शांतता ऐकू यायला लागली. लाकडावर पाण्याचं चुबूक चुबूक. लांबून एका घारीचा आवाज. आणि मागून, अगदी सावकाश, फुस्स...

डॉल्फिन स्वतःहून आले होते. एक, दोन, चार. होडीपासून शंभर-दीडशे फुटांवरून, वेगळ्या वाटेला न वळता, संथपणे ते चालले होते. वर येत, श्वास सोडत, पाठीची कमान करून आत जात. एकाने अर्धं डोकं पाण्याबाहेर काढून आमच्याकडे बघितल्यासारखं केलं. आणि सर्वांत शेवटी एक आई, तिला चिकटून पिल्लू. कालचीच का? कोण सांगणार? पण पिल्लू आज पुरता श्वास घेत होतं.

मी मोबाइल पर्समधून बाहेरच काढला नाही. सासूबाईंनी हात जोडले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. म्हणाल्या, "बोटीपुढे उड्या मारायचे ते हेच. मी सांगायचे तर तुम्ही हसायचात."

कापलेलं जाळं

परतताना लेकीने काकांना विचारलं, "तुमच्या जाळ्यात कधी अडकतात का हे?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं : बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या जाळ्यात मोठं कासव गुरफटलं. कासवालाही फुप्फुसं, पाण्याखाली अडकून पडलं तर गुदमरून मरतं. कासव सोडवायचं तर जाळं कापायला हवं, आणि जाळं म्हणजे वर्षाची मिळकत. काकांनी जाळं कापलं. घरी आल्यावर बायको दोन दिवस बोलली नाही. तिने त्या जाळ्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच सुई-दोरा घेऊन फाटकं जाळं विणायला बसली. म्हणाली, "सोडलास तां बरा केलास. पण पाटल्यो सोडवूक व्हयेत हां."

मैत्रिणींनो, प्राण्यांवर दया करा हे सांगणं आपल्याला सोपं. त्या दयेची किंमत कुणाच्या तरी पाटल्यांतून जाते हे मला त्या दिवशी कळलं. सुदैवाने डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकारने एक चांगली योजना सुरू केली आहे. संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर फोटोचा पुरावा दाखवून त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. काका म्हणाले, आता तरणी पोरं फारसा विचार न करता सुरी चालवतात.

कासवांचंच सांगायचं तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव त्यासाठी प्रसिद्ध झालं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. मादी रात्री येऊन वाळूत शंभराच्या वर अंडी घालते, झाकते आणि निघून जाते. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि समुद्राकडे धावतात. वाळू जास्त तापलेली असेल तर जास्त माद्या जन्मतात, ही आणखी एक गंमत. आमच्या वेसाव्यालाही, म्हणजे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, लोकांनी कचरा उपसून वाळू मोकळी केल्यावर मार्च २०१८ मध्ये कासवाची पिल्लं निघाली होती. अंधेरीकरांनो, आपल्या दारात!

तुम्ही जाणार असाल तर

बोटी पावसाळ्यात बंद असतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. समुद्र शांत असतो आणि उकाडाही कमी. वेळ सकाळची, वारा सुटण्यापूर्वीची.

ज्यांना बोट लागते त्यांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि तुडुंब खाऊनही जाऊ नये. एखादी सुकी आंबोळी किंवा टोस्ट पुरे. चहा परत आल्यावर. आलेपाक, आवळासुपारी किंवा लिंबू जवळ ठेवावं. गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून.

साडीपेक्षा सलवार-कमीज बरं. पदर आणि ओढणी दोन्ही नीट खोचून घ्याव्या. डोक्याला टोपी किंवा रुमाल, पायात ओल्या फळीवर न घसरणारी चप्पल. एक जास्तीचा कपड्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावा, पण ती पिशवी समुद्रात उडू देऊ नये. जाकीट घातल्याशिवाय मुलांना बोटीत पाय ठेवू देऊ नये. बोटवाला "लागत नाही" म्हणाला तरी.

बोट ठरवतानाच त्याला सांगावं : पाठलाग करायचा नाही, निदान दीडशे फूट लांब राहायचं, समोरून आडवं जायचं नाही, आधीच दोन-तीन बोटी असतील तर तिथे थांबायचं नाही. डॉल्फिन आवाजाच्या आधाराने वाट काढतात आणि भक्ष्य शोधतात. इंजिनाच्या गोंगाटात त्यांना कळेनासं होतं. प्राण्यांना खाऊ टाकू नये, आणि पिल्लू बरोबर असेल तर लवकर निघावं. हे सांगून दोन पैसे जास्त द्यावे लागले तरी द्यावे. गिऱ्हाइकाने मागितलं तरच बाजारात चांगला माल येतो, हे भाजी घेणाऱ्या आपल्याला कुणी शिकवायला नको.

मालवणात आहातच तर सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

आणि एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर? मरीन लाइफ ऑफ मुंबई हा अभ्यासकांचा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी जुहूसारख्या किनाऱ्यांवर लोकांना फिरवून खडकांतले जीव दाखवत आला आहे. मुलुंड-घाटकोपरच्या मैत्रिणींना ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र खाडीच्या पलीकडेच आहे. हिवाळ्यात तिथून ठाणे खाडीतले रोहित पक्षी बघता येतात.

शेवटी

देवमासा आम्हाला दिसला नाही. परतीच्या गाडीत मी लेकीला म्हटलं, "राहिलंच की गं तुझं."

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "असू दे. तो आहे ना तिथे? आपल्याला नाही दिसला तरी चालेल."

ह्यांनी काही न बोलता तिच्या डोक्यावर हात ठेवला. सासूबाई समोरच्या बाकावर झोपी गेल्या होत्या. कनवटीला उरलेल्या आलेपाकाच्या दोन वड्या तशाच होत्या. पुढल्या खेपेसाठी, असं त्यांनीच निघताना सांगितलं होतं.

ह्या महिन्यापासून मी भिशीचा हप्ता वाढवला आहे. मिरिस्सा अजून लांब आहे, पण सुरुवात तर झाली.